टेसन, फाटा आणि इंटरचेंज

मागच्या आठवड्यात संत्र्याची गाडी भरताना ड्रायव्हरनं विचारलं, "भाऊ, शेलूलेच चढू की मालेगावले?" मी म्हटलं शेलूले. नंतर वाटलं, हा प्रश्न आपल्या भागात काही नवा नाही. माझ्या आजोबांसमोर हाच प्रश्न बैलगाडीसाठी होता, कारंजाले जावं की मूर्तिजापूरले. म्हणून आज कीड-रोग बाजूला ठेवतो आणि रस्त्याची नोंद लिहितो.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण झाला. त्या दिवशी इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा तुकडा सुरू झाला. सुरुवात ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी या ५२० किमीनं झाली होती. त्यानंतर २६ मे २०२३ ला शिर्डी–भरवीर ८० किमी आणि ४ मार्च २०२४ ला भरवीर–इगतपुरी २५ किमी. बेरीज ७०१. शेवटच्या तुकड्यात इगतपुरीजवळचा जवळपास आठ किमीचा बोगदा आहे. तो होईपर्यंत आपला माल इगतपुरीपर्यंत सुसाट जायचा आणि पुढं कसारा घाटात रांगेत उभा राहायचा. म्हणजे तो तुकडा आपल्यापासून चारशे किमी लांब असला तरी वाशिमच्या शेतकऱ्यासाठी खरा रस्ता त्या दिवशीच सुरू झाला.

पण मला आज लिहायचं आहे ते दाराबद्दल.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी साधारण ९७ किमी जाते. नागपूरपासून मोजलं तर अंदाजे १६३ किमीला आपली हद्द लागते आणि २६० च्या आसपास संपते. एवढ्या लांबीत चढा-उतरायला जागा तीन: कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव. म्हणजे सरासरी बत्तीस किमीला एक दार. मधल्या गावांनी जमीन दिली तेवढीच, रुंदी तीच १२० मीटर, पण त्यांच्या शिवारातून रस्ता नुसता दिसतो, त्यावर जाता येत नाही.

आता मागं जाऊ. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजधानी असल्यावर वाटा तिच्याकडं येणारच. कारंजा तर व्यापाराचं मोठं गाव. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी कारंजा लुटलं ते तिथं सावकारी पैसा होता म्हणून, आणि पैसा होता कारण गाव वाटेवर होतं. त्या काळात वाटेला दार नसायचं. बैल जिथं वळवला तिथं फाटा.

दार पहिल्यांदा आणलं रेल्वेनं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली ती शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी पूर्णा खोऱ्यातल्या सपाट काळ्या जमिनीतून. इंजिनाला चढ नको होता आणि कंपनीला कापूस हवा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडी कापसाला मोठा भाव आला होता, ती आठवण ताजी होती. आपला भाग घाटावरचा, म्हणून वाशिम लाइनीच्या दक्षिणेला राहून गेलं.

त्या वेळी एक गोष्ट झाली जी आजच्या इंटरचेंजच्या भांडणाशी तंतोतंत जुळते. खामगाव हा कापसाचा मोठा बाजार, पण मुख्य लाइन त्याला टाळून जलंबवरून गेली. मग जलंब–खामगाव अशी तेरा-चौदा किमीची छोटी लाइन टाकली. १८७० मध्ये ती सुरू झाली तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. बडनेऱ्याहून अमरावतीलाही अशीच फांदी काढली. बाजार टेसनाकडं नेला नाही, टेसन बाजाराकडं आणलं. खामगाव टिकलं ते त्यामुळं. बासीम, म्हणजे आपलं वाशिम, याला मात्र तशी फांदी मिळाली नाही. इंग्रजांच्या काळात बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि जिल्ह्याचं ठाणं अकोल्याला, लाइनीवरच्या गावाला, राहिलं. सगळं रेल्वेमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, त्यात सरकारी काटकसरही होती. पण लाइनीवरचं गाव राहिलं आणि लाइनीबाहेरचं गेलं, हे तर दिसतंच. जिल्हा परत मिळाला १ जुलै १९९८ ला.

कारंजाला टेसन मिळालं १९०३ मध्ये, मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद लाइनीवर. तीच आपली शकुंतला. रूळ अडीच फुटांचे, मालकी विलायती कंपनीची, काम कापूस ओढायचं. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. माझे आजोबा सांगायचे, शेलूकडून कापसाची गाडी रात्री जुंपायची की सकाळी कारंजा. जिनिंग, अडत, गाडी सगळं एका ठिकाणी. शकुंतला चालायची सायकलीच्या वेगानं, पण थांबायची गावोगावी. आज रूळ गवतात आहेत. वाशिम शहराला रेल्वे आली ती स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास, मीटरगेज. अकोला–पूर्णा ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडलं.

मधल्या काळात कारभार चालवला डांबरी रस्त्यानं. जुना नागपूर–औरंगाबाद रस्ता कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असाच जातो. शेलूच्या नावातच बाजार आहे आणि अकोला–मंगरूळपीर रस्ता तिथंच त्याला छेदतो. या रस्त्यानं आपल्याला लावलेली सवय म्हणजे फाटा. दर दोन-तीन किमीला एक, तिथं चहाची टपरी, कृषी केंद्र, सोयाबीनचा काटा. ट्रॅक्टर कुठूनही चढतो. म्हणून समृद्धी आली तेव्हा माझ्या आईनं साधा प्रश्न विचारला, "एवढा मोठा रस्ता हाय, तं आपल्या धुऱ्यावरून काहून चढता येत नाही?"

उत्तर वेगात आहे. समृद्धी १५० किमी वेग धरून आखली आहे, मोटारीला परवानगी १२० ची. १२० म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. त्यात धुऱ्यावरून वीसच्या वेगानं ट्रॅक्टर घुसला तर मागच्याला समजायच्या आत धडक. म्हणून दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर यांना बंदी. आणि चढणाऱ्याला वेग वाढवायला, उतरणाऱ्याला कमी करायला वेगळी पट्टी. १२० वरून ४० वर सावकाश ब्रेक लावत यायचं म्हटलं तर सव्वातीनशे मीटर लागतात, मी हिशोब करून पाहिला.

मग ४० वरच का यायचं? इथं शेतकऱ्याच्या कामाचं गणित आहे. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गानं वाढते. वेग तिप्पट, तर त्रिज्या नऊपट. ४० च्या वेगाला साधारण ५७ मीटर त्रिज्येचं वळण पुरतं. तेवढ्या गोलाच्या आत अडीच एकर जमीन बसते. तेच वळण १२० च्या वेगानं घ्यायचं ठरवलं तर त्रिज्या पाचशे मीटरच्या वर जाते आणि गोलात दोनशे एकर. म्हणजे उतरताना ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला म्हणून कुणाची तरी दोनशे एकर वाचली. हे मला कळलं तेव्हा त्या गोल रस्त्यावरचा माझा राग निम्मा झाला.

आकाराचंही तसंच. चार पाकळ्यांचं इंटरचेंज आपण फोटोत पाहतो. त्याचं पेटंट अमेरिकेत १९१६ चं आहे आणि १९२९ मध्ये न्यू जर्सीत तसं एक सुरू झालं. दिसायला छान, पण चार पाकळ्या म्हणजे जमीन जास्त आणि चढणारा-उतरणारा एकमेकांना आडवा येतो. शिवाय टोल अंतरानुसार घ्यायचा तर चार ठिकाणी नाके बसवावे लागतील. म्हणून अशा टोलच्या रस्त्यांना जगभर तुतारीचा आकार सोयीचा पडतो. एक पूल, एक वेटोळं, आणि सगळ्या फांद्या एका दांड्यावर येतात. त्या दांड्यावर एकच नाका. समृद्धीवरही टोल असाच, जितके किमी तितका, आणि नाके चढ-उताराच्या जागी. प्रत्येक गावाला दार दिलं तर प्रत्येक गावाला नाका, आणि प्रत्येक ठिकाणी मुख्य रस्त्यावर वेगाचा घोटाळा. तीन दारं कमी आहेत असं मीही म्हणायचो. आता म्हणत नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. जमिनीचा मोबदला ठरवताना दाराचा हिशोब कुठंच नव्हता. आधी भूसंचयाची योजना होती: कोरडवाहूवाल्याला पंचवीस टक्के विकसित भूखंड आणि दहा वर्षं वार्षिक रक्कम. लोक तयार होईनात, तेव्हा २०१७ पासून थेट खरेदी सुरू झाली. ग्रामीण भागात मूल्याच्या दुप्पट, त्यावर तेवढाच दिलासा म्हणजे चौपट, आणि राजीखुशीनं दिली तर पंचवीस टक्के वर, म्हणून पाचपट. लोकांनी दिली. पैसे आले, काहींनी दुसरीकडं शेत घेतलं, काहींच्या दारात गाड्या आल्या. पण इंटरचेंजपासून एक किमीवरच्या उरलेल्या जमिनीचा भाव चढला आणि पंधरा किमीवरच्याची उरली दोन तुकड्यांत. मधल्या शिवारातला माणूस शेताच्या पलीकडच्या बाजूला जायला अंडरपास शोधत फिरतो. भरावामुळं पूर्वी शेतभर पसरून वाहणारं पाणी आता मोरीच्या तोंडाशी एकवटतं, आणि काळ्या जमिनीत ते सऱ्या कापत जातं. माझ्याकडं गेल्या पावसाळ्यात बांधाचा कोपरा गेला. पण मोरीत साचलेला गाळ उकरला तर त्यात सोयाबीनचं कुटार निघालं, ते आमचंच होतं. त्यामुळं गप बसलो.

कृषी अधिकारी आणि उत्पादक कंपनीवाले हे वाचतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. ट्रॅक्टरला समृद्धीवर बंदी आहे म्हणजे माल एकदा उतरवून पिकअप किंवा ट्रकमध्ये भरावाच लागणार. हा अदलाबदलीचा थांबा हेच आजचं टेसन. १९०३ चं कारंजा आठवा: जिनिंग टेसनाजवळ होतं. संत्र्याची प्रतवारी, चियाची साफसफाई, सोयाबीन वाळवणं यासाठी शेड बांधायचं तर ते तालुक्याच्या गावाला नको, इंटरचेंजपासून ट्रॅक्टरच्या तासाभराच्या आत हवं. आणि त्या तासाभरातले गावरस्ते पावसाळ्यात कसे आहेत ते आधी पाहा. ७०१ किमीचा रस्ता आठ तासांत, आणि शेतापासून दारापर्यंतचे नऊ किमी चिखलात एक तास, असं माझ्याकडं आत्ता चालू आहे.

आणि ड्रायव्हर मंडळींना एक विनंती. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. रस्ता सरळ, झोप लवकर लागते. संत्रा दोन तास उशिरा पोचला तरी चालेल.

मालेगावच्या बाजूनं चढणाऱ्यांनी खाली लिहा, शेतापासून नाक्यापर्यंत ट्रॅक्टरला किती वेळ लागतो आणि भरलेल्या ट्रॉलीला चढ कुठं नडतो. शिरपूर आणि मेडशीकडच्या मंडळींची नोंद मला विशेष हवी आहे, शेडची जागा ठरवायची बैठक पुढच्या रविवारी आहे.