इगतपुरीचा सांधा

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून २००६ च्या सुमारापर्यंत मध्य रेल्वेच्या दोन वीजव्यवस्था इगतपुरी स्थानकात येऊन थांबत. मुंबईकडची तार १,५०० व्होल्ट डीसीची, भुसावळकडची २५,००० व्होल्ट एसीची. एका तारेवरचे इंजिन दुसऱ्या तारेखाली निकामी, म्हणून बराच काळ विजेवरच्या गाडीचे इंजिन इथे बदलावेच लागे. या खोळंब्याचे खापर सर्रास कसारा घाटावर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या थांब्यात दोन निराळे सांधे एकमेकांत मिसळले होते. एक डोंगराने घातलेला होता. दुसरा दोन पिढ्यांच्या निर्णयांमधल्या अंतरातून आला होता. ते वेगळे करून पाहिले, तर रेल्वेइतकाच संगणकांच्या जोडणीचा इतिहासही नीट उलगडतो.

घाटातून लोहमार्ग सुरू झाला १ जानेवारी १८६५ रोजी. चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवरच्या सर्वांत अवघड चढांपैकी एक. वाफेच्या इंजिनांची इथे दमछाक होई, म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने विजेचा विचार लवकर केला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० च्या सुमारास तार एकीकडे इगतपुरीला, दुसरीकडे पुण्याला पोहोचली. त्या काळी डीसी निवडणे शहाणपणाचेच होते, कारण तार सरळ मोटारीला जोडता येई आणि इंजिनावर अवजड उपकरणे लागत नसत. ‘खेकडा’ नावाने ओळखली जाणारी मालगाडीची इंजिने याच व्यवस्थेवर घाट चढली. पण विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असला की प्रवाह प्रचंड लागतो. एक मेगावॉट शक्तीसाठी १,५०० व्होल्टवर सुमारे ६६७ अँपिअर वाहतात, २५,००० व्होल्टवर अवघे ४०. त्यामुळे डीसीला जाड तांबे आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशने हवीत. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच तज्ज्ञांच्या सल्ल्याने २५ केव्ही एसी स्वीकारले, आणि इगतपुरी ते भुसावळ हा मार्ग विद्युतीकरणाला आला तो या निर्णयानंतर.

यावर कोणी म्हणेल, डीसी इगतपुरीला थांबली ती घाट तिथे संपतो म्हणून, तेव्हा सांधा अखेर घाटाचाच. ती तिथे का थांबली, याचे उत्तर म्हणून हे बरोबर आहे. पण तिथे सांधा का पडला, हे त्यातून कळत नाही. बोरघाट लोणावळ्याला संपतो, तरी तार थेट पुण्यापर्यंत गेली. पश्चिम रेल्वेवर तर विरारला घाटाचे नावही नाही. तिथे डीसी १९३६ मध्ये पोहोचली, पुढे गुजरातकडे एसी आली, आणि सपाट जमिनीवर तसाच सांधा पडला. भुसावळपर्यंतची तार १९३० मध्येच ओढली गेली असती, तर इगतपुरीत दाब बदलण्याचे कारणच उरले नसते. हा सांधा डोंगराने घातला नाही, तो कालगणनेने घातला.

असा सांधा सांभाळायला सुरुवातीला एक अख्खे स्थानक खर्ची पडते. यार्डातली तार लागेल तशी एका किंवा दुसऱ्या दाबाला जोडायची, एक इंजिन काढायचे, दुसरे लावायचे, आणि दोन प्रकारची इंजिने व ती चालवणारी माणसे हाताशी ठेवायची. पुढे हा भार स्थानकावरून इंजिनावर गेला. दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने पश्चिम रेल्वेवर १९७० च्या दशकात आली आणि मध्य रेल्वेवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. संगणकांतही हेच घडले. सुरुवातीला जाळी जोडण्याचे काम खास यंत्रे करत. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सने ते साध्या संगणकाच्या आवाक्यात आणले. दोन नेटवर्क कार्डे बसवायची, आयएफकॉन्फिग ही आज्ञा देऊन प्रत्येकाला आपापल्या जाळ्यातला पत्ता द्यायचा, की तो संगणक दोन जाळ्यांचा नाका होतो.

ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटेल, कारण विजेचे दोन दाब कधीच एकत्र येत नाहीत आणि जाळ्यांतला डेटा मात्र आरपार जातो. पण आरपार जाते ते नेमके काय, हे पाहायला हवे. एका कार्डावर आलेले इथरनेटचे वेष्टन संगणक काढून टाकतो आणि आतले आयपी पाकीट नव्या वेष्टनात घालून दुसऱ्या कार्डावरून पाठवतो. इगतपुरीलाही डबे तेच राहत, इंजिन तेवढे बदले. दोन तारा एका यार्डात आल्या म्हणून गाडी आपोआप पलीकडे जात नाही, तशी दोन कार्डे असली तरी वाहतूक सुरू होत नाही. लिनक्समध्ये तर पाकिटे पुढे पाठवण्याची परवानगी सहसा बंदच असते, ती मुद्दाम द्यावी लागते. दोन्ही कार्डांना एकाच जाळ्यातले पत्ते दिले, तर उत्तर कोणत्या कार्डातून बाहेर पडेल याचा भरवसा राहत नाही. सांध्यावर सरहद्द जितकी स्पष्ट, तितकी वाहतूक बिनघोर.

मग १९६० च्या दशकातच मुंबईची सगळी तार एसीवर का नेली नाही, असा आक्षेप उरतो. कारण लोकल गाड्यांचा अख्खा ताफा डीसीवर होता, जुन्या पुलांखाली उच्च दाबाच्या तारेला पुरेसे अंतर नव्हते, आणि शहराची वाहतूक एक दिवसही बंद ठेवणे परवडणारे नव्हते. सांधा ठेवणे हाच तेव्हाचा व्यवहार्य मार्ग होता. २००६ च्या सुमारास घाट आणि कसारा-टिटवाळा पट्टा एसीवर आला, जून २०१५ मध्ये मुख्य मार्गाची तार मुंबईच्या टोकापर्यंत बदलली, आणि इगतपुरीतले दाबाचे अंतर मिटले. तरीही कसाऱ्याला मागून जोर देणारी बँकर इंजिने लागतच राहिली आणि ती इगतपुरीला सुटत राहिली. या थांब्यात घाटाचा वाटा किती होता, हे यावरून आपोआप मोजले गेले. संगणकांच्या जगातही सगळी जाळी एकच आयपी पद्धत बोलू लागली, पण दोन कार्डांचे यंत्र गेले नाही, कारण कार्यालयाचे आतले जाळे बाहेरच्यापासून वेगळे ठेवण्याची गरज गेली नाही. मानके जुळली की त्यांच्या फरकातून आलेला सांधा मिटतो. गरजेतून आलेला सांधा मानक कितीही बदलले तरी राहतो. म्हणून कोणताही सांधा मोडायला निघण्याआधी तो या दोहोंपैकी कोणता, हे तपासायला हवे.