चांद्याच्या चार दरवाजांतून

राजधानीचे शहर पाहावे ते पायी, असा युरोपातील प्रवाशांचा जुना परिपाठ आहे. व्हिएन्ना नगरीत बादशहा फ्रान्झ जोसेफ याने 1857 साली जुना तट पाडण्याची आज्ञा दिली आणि त्याच्या जागी रुंद, वर्तुळाकार राजमार्ग झाला. त्या मार्गावरून हिंडणाऱ्या प्रवाशास तटाची केवळ आठवण भेटते. तट भेटत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर, अरण्याच्या कुशीत, एक राजधानी अशी आहे की तिचा प्रकार याच्या नेमका उलट झाला. तेथील राजे गेले, राज्य गेले, राजवाड्याच्या जागी तुरुंग आला, फार काय शहराचे चांदा हे नावही मागे पडून चंद्रपूर हे नाव रूढ झाले. परंतु तट मात्र राहिला.

ताडोब्याच्या अरण्यात वाघ पाहावयास जाणारे कितीतरी लोक या शहरावरून जातात. त्यांपैकी थोडेच तेथे पायउतार होतात. गोंड राजे म्हणजे रानातले कोणी नाईक, नगररचनेशी त्यांचा संबंध काय, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती समजूत दूर करण्यास ग्रंथ चाळण्याची गरज नाही. एका सकाळची पायपीट पुरे आहे.

गोंड राजांची आधीची राजधानी बल्लारपूर. तेथून सुमारे 15 किलोमीटरवर, इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ, खांडक्या बल्लाळशहाने नवे नगर वसविले, असे परंपरा सांगते. राजाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. झरपटेच्या पात्रातील एका डबक्याच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. पुढे शिकारीत कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा उलट राजाच्या कुत्र्याच्याच पाठीस लागला. ससा ज्या मार्गाने धावला त्या मार्गावर तट बांधावा, असा सल्ला राणीने दिला. ही कथा इंग्रज अधिकारी लुसी स्मिथ याने चांदा जिल्ह्यावरील आपल्या 1869 च्या अहवालात नोंदविली आहे. सशाची गोष्ट खरी मानावी असा कोणाचा आग्रह नाही. मात्र तिच्यातून एक खरी गोष्ट हाती लागते. हा तट डोंगरावरील गडाचा नव्हे. तो एका राजाच्या निवाऱ्यासाठी नसून सगळ्या नगरासाठी होता, आणि त्याचा घेर इतका मोठा की आत तलाव व शेतेही मावली. वेढा पडला तरी आतल्या माणसांस पाणी मिळावे व धान्य पिकवावयास भूमी असावी, हे शहाणपण त्या आखणीत आहे.

तटास चार दरवाजे व पाच खिडक्या आहेत. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अचलेश्वर आणि पश्चिमेस बिनबा. खिडक्या म्हणजे पायी जाणाऱ्यांसाठी ठेवलेली लहान द्वारे: हनुमान, विठोबा, चोर, बगड आणि मसाण. चोर खिडकीचे नाव ऐकून लहान मुलांस हसू येते. मसाण खिडकीचे ऐकून मोठी माणसे गंभीर होतात. पूजा, प्रवास, भय आणि मरण यांची वाट त्या काळच्या माणसाने तटातच नेमून दिली होती, असे या नावांवरून वाटते. दरवाजांवर सिंह हत्तीवर मात करीत असल्याचे शिल्प दिसते. ते चांद्याच्या गोंड राजांचे राजचिन्ह होय.

जटपुऱ्याने आत शिरलेला प्रवासी बाजारपेठेच्या गर्दीतून पूर्वेकडे वळला म्हणजे अचलेश्वर दरवाजाशी येतो. येथेच झरपटेच्या काठी अचलेश्वराचे देऊळ आहे आणि त्याच्या शेजारी गोंड राजांच्या समाध्या. त्यांतील भव्य समाधी बीरशहाची. राजाचा खून झाला. त्याच्या मागे राणी हिराईने रामशहास दत्तक घेऊन राज्य सांभाळले, पतीची समाधी बांधली, आणि थोड्या अंतरावरील महाकालीचे देऊळही उभारले. चैत्रातील यात्रेस आजही मराठवाड्यातून हजारो भाविक येतात. आपण एका गोंड राणीच्या दारी आलो आहो, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल?

राज्याचा शेवट मात्र बाहेरून आला. 1751 साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतले व नीलकंठशहाबरोबर गोंडांची सत्ता संपली. पुढे 1818 च्या एप्रिलात पांढरकवड्याजवळ बाजीराव पेशव्याचा पराभव करून कर्नल ॲडम्सची इंग्रज फौज चांद्यावर चालून आली. भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला, आणि 20 मे रोजी तटास खिंडार पाडून शत्रू आत शिरला. ज्या तटाने शतकानुशतके नगर राखले त्यास तोफांनी अखेर वाट पाडली.

तटाच्या आत राजवाड्याच्या जागी असलेल्या कारागृहाची कथा याहून करुण आहे. आजचा गडचिरोली जिल्हा 1982 पर्यंत चांदा जिल्ह्याचाच भाग होता. त्या भागातील मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके याने 1858 साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पकडून आणल्यावर 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यास याच तुरुंगाच्या आवारात फाशी देण्यात आली. पूर्वजांच्या वाड्यात गोंड वीरास मृत्यू यावा, यापेक्षा कठोर नियती ती कोणती!

दक्षिणेस पठाणपुरा दरवाजापाशी इरईचा पूर येऊन टेकतो. एवढ्या सुधारणा होऊनही जेव्हा पावसाळ्यात नदी फुगते, तेव्हा हे जुने दगड अजूनही कामाचे आहेत हे दिसून येते. परंतु इतर दिवसांत तट हा पुष्कळांस अडथळा वाटतो. जटपुऱ्याच्या कमानीतून आज मोटारींची रांग जाते आणि तट फोडून रस्ता मोठा करावा, असे कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. व्हिएन्नाने तेच केले. परंतु व्हिएन्नाजवळ राजवाडे, संग्रहालये व दफ्तरे शिल्लक होती. चांद्याजवळ या तटावाचून दाखविण्यासारखे दफ्तर थोडेच आहे. येथे दगड हेच कागद. त्यातील एक पान फाडले तर पुढच्या पिढीस ते पुन्हा लिहिता येणार नाही.

तट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे खरा. पण नुसत्या फलकाने दगड टिकत नाहीत. तटावर झाडोरा माजला होता, कचरा साचला होता. 2017 साली चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी तो हातांनी काढावयास आरंभ केला, आणि पुढे नागरिकांस तटावरून पायी हिंडवून इतिहास सांगण्याचा क्रमही सुरू झाला. ज्या घरातला मुलगा तटावरून एकदा चालून येतो, त्या घरात तट फोडण्याची गोष्ट सहजासहजी कोणी काढीत नाही.

ज्यांस हे नगर पाहावयाचे असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ हे महिने निवडावेत. वैशाखातले चांद्याचे ऊन पाय टेकू देत नाही. सकाळी लवकर निघावे, मोटार जटपुऱ्याबाहेर ठेवावी, बरोबर मुले असावीत, आणि अचलेश्वराच्या दरवाजाशी पोहोचल्यावर हिराई राणीची गोष्ट त्यांस सांगावी.