मत्स्यविनोद आणि उन्हाळ्याचे डोह

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगांव हें गांव लागतें. त्याच रस्त्यानें दक्षिणेकडे जात राहिलें म्हणजे गोदावरीचा नाथसागर दृष्टीस पडतो. चैत्र-वैशाखांत हा जलाशय दिवसेंदिवस मागें सरतो, काळा गाळ उघडा पडून त्याला भेगा जातात, आणि पाण्याच्या कडेला गळ टाकून बसलेला एखादा मनुष्य दिसतो. त्याच्याकडे पाहून जाणारायेणाराला वाटतें कीं, पोटासाठीं मासे धरणें हा भोयांचा पिढीजाद धंदा. पण करमणुकीसाठीं गळ टाकून बसणें हा मात्र साहेबलोकांनीं आणलेला छंद. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. या छंदाचें शास्त्र आपल्याच भूमींत नऊशें वर्षांपूर्वीं लिहिलें गेलें, आणि तें लिहिणारा कोणी कोळी नसून एक सार्वभौम राजा होता.

तो इतिहास पाहण्यापूर्वीं हा खेळ मुख्यतः कोरड्या ऋतूचा कां, हें समजून घेतलें पाहिजे. मृगाचा पाऊस पडून नद्यांना पहिलें गढूळ पाणी आलें कीं मासे प्रवाहाच्या उलट दिशेनें चढूं लागतात. खेड्यापाड्यांत यांनाच चढणीचे मासे म्हणतात. आपल्याकडील बहुतेक जातींची वीण याच पावसाळ्यांत होते. पुढें पूर ओसरतो, हिवाळ्यांत पाणी निवळतें, आणि फाल्गुन उलटला कीं दख्खनच्या नद्यांची धार तुटून ठिकठिकाणीं डोह तेवढे उरतात. कोसांच्या कोस पसरलेली मासळी आतां या थोड्या पाण्यांत गोळा होते. पाणी नितळ, मासा भुकेला आणि जागा ठरलेली. गळ टाकणाऱ्याला याहून सोयीचा काळ तो कोणता? परंतु याच सोयींत मोठा धोका आहे. उन्हाळ्याच्या डोहांत उरलेली मासळी हें पुढील वर्षाचें बियाणें असतें. शेतकरी उपाशी राहील, पण पेरणीचें बीं दळून खाणार नाहीं. डोह उपसणारा मनुष्य मात्र नेमकें तेंच करीत असतो. म्हणून या खेळाचा इतिहास हा कौशल्याचा जितका, तितकाच संयमाचा इतिहास आहे.

कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर हा विक्रमादित्याचा पुत्र. इ. स. ११२६-२७ च्या सुमारास तो गादीवर आला व ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. त्याची राजधानी म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बसवकल्याण. पुढें देवगिरीस वैभवानें नांदलेले यादव त्या काळीं याच चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे गोदाकांठचा हा मुलूखहि त्याच छत्राखालीं होता. सोमेश्वर तलवारीपेक्षां लेखणीनें अधिक गाजला. त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या आसपास सिद्ध झाला. प्रत्येकीं वीस अध्यायांच्या पांच विंशति मिळून शंभर अध्याय, आणि त्यांत राज्यकारभारापासून पाकशास्त्रापर्यंत व हत्तींच्या परीक्षेपासून चित्रकलेपर्यंत सर्व कांहीं आलें आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, ही मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस मोलाची वाटणारी नोंद याच ग्रंथांतली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादून प्रसिद्ध करण्यास १९२५ सालीं आरंभ केला.

या ग्रंथाच्या चौथ्या विंशतींत राजाच्या निरनिराळ्या विनोदांचें वर्णन आहे, आणि त्यांपैकींच एक ‘मत्स्यविनोद’. त्यांत सुमारें पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते व लहान कोणते, अशी त्यांची व्यवस्थित वर्गवारी आहे. काठी, दोरी व गळ यांचा विचार आहे. परंतु सर्वांत लक्षांत घेण्यासारखा भाग खाद्याचा. मासा ओढून काढण्याआधीं त्याला पोसावें, कोणत्या जातीला काय रुचतें तें जाणावें व तें त्या त्या माशाला घालावें, हें राजा बारकाईनें सांगतो. ज्याच्या एका शब्दासरशीं शेंकडों जाळीं पाण्यांत पडलीं असतीं, तो सार्वभौम राजा एका माशाची आवडनिवड ध्यानांत ठेवून स्वस्थ बसण्यांत आनंद मानतो! जाळें सर्वांनाच ओढतें; गळाला एकेकाची ओळख लागते. शिकार आणि विनोद यांतला भेद तो हाच.

या अध्यायाकडे आधुनिक शास्त्राचें लक्ष वेधण्याचें श्रेय डॉ. सुंदरलाल होरा यांना आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते संचालक होते व माशांच्या अभ्यासांत त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. १९५१ सालीं त्यांनीं मत्स्यविनोदावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच सुमारास त्यांनीं अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखाचाहि याच दृष्टीनें विचार केला. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरलेल्या त्या लेखांत चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस या वेळीं मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत, अशी आज्ञा आहे. धर्मभावनेनें दिलेल्या या आज्ञेनें माशांना वर्षांतून ठराविक दिवस अभय मिळालें, हें उघड आहे.

राजाज्ञा कालांतरानें विस्मरणांत गेल्या, पण लोकाचार टिकला. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा खोल कोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानतात. त्यांना लोक खाऊ घालतात, पण त्यांच्यावर गळ किंवा जाळें कोणी टाकीत नाहीं. वाडें तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसे येथील महादेवाच्या देवळापाशींहि असेच अभय मिळालेले मासे आहेत. भर उन्हाळ्यांत नदीची इतर पात्रें उघडीं पडतात तेव्हां या कोंडांतील मासळी शाबूत राहते आणि पाऊस आला कीं तीच वर-खालीं पसरते. कोंकणच्या किनाऱ्यावरचा रिवाजहि याच जातीचा. पावसाळ्यांत होड्या शाकारून ठेवाव्या आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहून मगच दर्यांत लोटाव्या, हा कोळ्यांचा कुळाचार. खवळलेल्या समुद्राच्या भयानें तो सुरू झाला असेल. परंतु त्यायोगें विणीच्या दिवसांत मासळीला विसांवा मिळाला. आजच्या सरकारी नियमानेंहि जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो.

इंग्रजी अमदानींत या विषयाला नवें वळण मिळालें. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याला मुंबई सरकारनें १८२४ सालीं दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्यास नेमलें. पिकें, पाऊस, पशुपक्षी यांच्याबरोबर त्यानें येथील माशांचीहि टिपणें केलीं व १८३९ च्या सुमारास तीं लंडन येथें प्रसिद्ध केलीं. त्याचा एक गुण अनुकरणीय होता. पुष्कळ माशांना त्यानें नदीकांठच्या लोकांच्या तोंडचींच नांवें शास्त्रीय नांवें म्हणून दिलीं. पुण्यानजीक मुळा-मुठेंत मिळालेल्या महाशीर माशाला त्यानें ‘खुद्री’ म्हटलें, दुसऱ्या एकाला ‘शिंगटी’. ज्या निरक्षर माणसांनीं तीं नांवें सांगितलीं त्यांचीं स्वतःचीं नांवें कोठेंच राहिलीं नाहींत. पण त्यांची भाषा जगांतील प्रत्येक मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली आहे.

महाशीर हा गळ टाकणाऱ्यांचा राजा. अंगावर मोठाले खवले, जबड्यांत दांत नाहींत, पण घशांत कठीण दांतांच्या रांगा. आणि गळ लागतांच वेगवान् प्रवाहांत अशी झेप घेतो कीं कच्ची दोरी हातांत राहूं नये. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर एक ग्रंथ लिहिला, आणि इंग्रजांच्या लाडक्या सामन माशापेक्षांहि महाशीर झुंजार, असा कौल दिला. पण हा थॉमस केवळ शौकी नव्हता. विष कालवून डोह मारणें आणि बारीक विणीच्या जाळ्यांनीं पिल्लें गाळून काढणें यांविरुद्ध त्यानें सरकारचे कान उघडले. त्याच सालीं फ्रान्सिस डे यानें गोड्या पाण्यांतील मासेमारीवर आपला अहवाल सादर केला. या चळवळीचें फळ १८९७ च्या मत्स्योद्योगविषयक कायद्यांत दिसलें. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यांत विष घालून मासे मारणें त्यानें दंडनीय ठरविलें. गेळफळ कुटून डोहांत टाकण्याची खोड आपल्याकडे जुनीच. सुरुंगाच्या दारूची भर मात्र नव्या सुधारणेची!

पुढची कथा हर्षाची आहे आणि खेदाचीहि. म्हैसूरच्या पाण्यांत १९४६ सालीं व्हॅन इंजन यानें गळावर १२० पौंडांचा महाशीर काढला. तो विक्रम आजवर प्रसिद्ध आहे. तो मासा कावेरीच्या खोऱ्यांतील पाठीला उंचवटा असलेल्या जातीचा होता. इकडे महाराष्ट्रांत धरणें, विष व सुरुंग यांमुळें खुद्री विरळ होत चालली होती. तिच्या रक्षणाचें काम लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें हातीं घेतलें. डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांनीं खुद्रीची वीण व अंड्यांची वाढ यांचें निरीक्षण १९७० च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. माद्यांपासून अंडीं घेऊन तीं उबविण्याची रीत बसली, आणि पुढें लाखों पिल्लें निरनिराळ्या पाण्यांत सोडलीं गेलीं. नाहींशी होत असलेली जात मनुष्यानें हातानें वांचविली, ही अभिमानाची गोष्ट होय.

परंतु यांतलींच पिल्लें कावेरींतहि सोडलीं गेलीं. तेथील शिकारी धरलेला मासा मोजून, वजन करून, पुन्हा पाण्यांत सोडून देत आणि वहींत नोंद करीत. १९९८ ते २०१२ या काळांतील अशा नोंदी अभ्यासकांनीं पुढें तपासल्या तेव्हां असें दिसून आलें कीं, खुद्री भराभर वाढली आणि उंच पाठीचा मूळ मासा गळाला लागेनासा झाला. २०१५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २०१८ सालीं त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली व त्याच वर्षीं अत्यंत संकटग्रस्त जातींत त्याची गणना झाली. एका नदीचें औषध दुसऱ्या नदीला बाधलें. येथें करमणुकीच्या वहीनेंच शास्त्राला जागें केलें, ही गोष्टहि विसरतां कामा नये. प्रत्येक माशाला ओळखण्याचा जो धडा सोमेश्वरानें घातला होता, तो विसरला म्हणजे सद्‌हेतूनेंहि अनर्थ होतो.

आतां पुन्हा गोदावरीकडे वळूं या. १९६५ सालीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें पैठणजवळ धरणाची कोनशिला बसली, आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. धरण मुळांत बीड जिल्ह्यांतील जायकवाडी येथें व्हावयाचें होतें. जागा बदलली तरी नांव तेंच राहिलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या बांधानें मराठवाड्याची तहान भागविली, शेतें भिजविलीं, १९८६ पासून पक्ष्यांना अभयारण्य दिलें आणि कांठच्या मच्छिमारांना रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे मासे दिले. त्याबरोबरच शंभराहून अधिक गांवें गेलीं, आणि खालून चढणीला येणाऱ्या माशांची वाटहि बंद झाली. नदीचे डोह बुडून एकच मोठा डोह उरला. २०१९ च्या उन्हाळ्यांत त्या डोहाचाहि उपयुक्त साठा संपला आणि शहरांची तहान मृत साठ्यावर भागवावी लागली. ज्या वर्षीं माणसालाच पाणी पुरत नाहीं, त्या वर्षीं माशांचा विचार कोण करणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण नेमक्या अशाच वर्षीं तो विचार करावा लागतो; कारण दुष्काळांत तगलेल्या थोड्या माशांवरच पुढील सुकाळाची मदार असते.

चितेगांवाहून पुढें जाऊन जलाशयाच्या कांठीं बसलेल्या त्या माणसाला कदाचित् सोमेश्वराचें नांवहि ठाऊक नसेल. तरीहि एका गळाला एकच मासा, हें त्याच्या साधनाचें बंधन त्या राजानें आपखुषीनें पत्करलें होतें. अंडीं धरलेली मादी सोडून द्यावी, पिल्लूं परत पाण्यांत टाकावें, आटत्या डोहांत विष किंवा सुरुंग कोणी आणला तर गांवानें त्याला अडवावें, आणि परकी जात कोणत्याहि पाण्यांत न विचारतां सोडूं नये, इतकें पाळलें तरी पुष्कळ झालें. मृगाचें पहिलें पाणी येईल तेव्हां चढणीला निघण्यास डोहांत कांहीं मासे उरलेले असले पाहिजेत. ते उरले तरच मत्स्यविनोदाला अर्थ आहे.