साचाखात्याचं दार

 वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी तुम्ही काहीतरी इतिहासावर लिहा, असा विहाराच्या कार्यकर्त्यांनी आग्रह केला. मी काही प्राध्यापक नाही. गिरणीत उभं राहून जे पाहिलं आणि पाळी सुटल्यावर जे वाचलं, तेवढीच माझी शिदोरी.

दर पौर्णिमेला आपण विहारात मंगलसुत्त म्हणतो. लहान पोरांनाही ते तोंडपाठ आहे. पण भगवंतांनी जी मंगले सांगितली, त्यांत विद्येबरोबर शिल्पाचंही नाव आहे, तिकडे किती जणांचं लक्ष जातं? शिल्प म्हणजे हातातलं कसब, हुन्नर. सिगालोवाद सुत्तात तर भगवंत सांगतात की, आचार्याने शिष्याला सगळं शिल्प नीट शिकवावं आणि मालकाने नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, वेळेवर वेतन द्यावं, आजारात त्याची काळजी घ्यावी. म्हणजे कामगाराला काम शिकवणं हा धम्माचाच भाग झाला. हे मंगल आपल्या माणसांपासून किती वर्षं दूर ठेवलं गेलं आणि ते मिळवण्यासाठी काय काय करावं लागलं, तोच आजचा विषय.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली. पुढे गिरण्या वाढल्या. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिथे कापडधंद्याचं शिक्षण मिळू लागलं. पण त्या शाळेतून मास्तर आणि अधिकारी तयार होत. साध्या कामगाराची शाळा म्हणजे गिरणीतलं खातंच, आणि त्या शाळेचा हेडमास्तर म्हणजे जॉबर. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कोणाच्या हाताखाली उभं करायचं, हे सगळं जॉबरच्या हातात. त्याला दस्तुरी द्यावी लागे. काका पुतण्याला शिकवी, मेहुणा मेहुण्याला. आपलं माणूस खात्यात असेल तर काम शिकता येई, नसेल तर दारातूनच परत.

आता साचाखात्याचं बघा. साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. त्या काळी हे टोक तोंडाने ओढून काढत. तोच धोटा उद्या दुसऱ्या विणकराच्या तोंडाला लागणार. म्हणून सवर्ण कामगार म्हणाले, अस्पृश्य साच्यावर नको, आम्ही बाटू! बंधू-भगिनींनो, खरं तर या पद्धतीने एकाच्या छातीचा रोग दुसऱ्याला लागायचा. त्या रोगाची भीती नव्हती, भीती होती ती आपल्या ओठांची. आणि साचाखात्यातच मजुरी जास्त होती. आपली माणसं कमी पगाराच्या रिंगखात्यात, झाडलोटीत आणि ओझी वाहण्यात अडकून पडली.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून आले. उभा जन्म त्यांनी रिंगखात्यात काढला. साच्यांचा खडखडाट त्यांनी रोज भिंतीपलीकडून ऐकला, पण साच्याला हात लावू दिला नाही कोणी. ‘शिकलो असतो रे, चार दिवसांत शिकलो असतो,’ असं ते म्हातारपणी माझ्या वडिलांना सांगत.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. आपली माणसंही खांद्याला खांदा लावून उपाशी राहिली. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं की, विणकामाचं खातं आमच्या लोकांना खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? त्यांनी जोर धरला तेव्हा कुठे ती मागणी पुढे आली. मालकांनी मात्र हात झटकले. हा भेद कामगारांनीच केलेला आहे, आमचा त्यात काय दोष, असा त्यांचा सूर. कामगार मालकाकडे बोट दाखवणार, मालक कामगाराकडे, आणि दार बंदच!

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं प्रसिद्ध भाषण तिथलंच. ते आपण नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रोजच्या कामाचाही हिशेब मांडला होता. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, वरची जागा त्याला मिळत नाही. गिरणीत विणकामाचं खातं त्याला बंद. म्हणजे नोकरी मिळाली तरी त्या नोकरीत शिकून वर चढण्याची शिडी काढून घेतलेली.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध चालू होतं. कारखान्यांना फिटर, टर्नर, वेल्डर हवे होते, म्हणून सरकारने १९४० पासून कारागिरांना शिकवण्याची योजना सुरू केली होती. ती मजूर खात्याकडे होती. बेव्हिन योजनेत तर इथले तरुण कामगार शिकायला थेट विलायतेला जात. म्हणजे ज्या माणसाच्या समाजाला साच्याजवळ फिरकू देत नव्हते, त्याच्याच हाती देशातल्या कामगारांच्या प्रशिक्षणाचं खातं आलं!

ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला आपल्या समाजाच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्याच, शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असंही सुचवलं. पदवीधर आणि फिटर या दोघांचाही विचार त्यांच्या मनात होता, हे ध्यानात ठेवा. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या. १९४५ साली मजूर खात्याखालीच सेवायोजन कार्यालयं, म्हणजे आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो ती, सुरू झाली. जॉबरच्या चिठ्ठीऐवजी सरकारी नोंदवहीतून नोकरी, हा केवढा फरक!

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली. तीच पुढे गावोगावची आय. टी. आय. १९६१ साली ॲप्रेंटिस कायदा झाला. कारखानदाराने उमेदवार घेतलेच पाहिजेत, त्यांना शिकवलं पाहिजे आणि शिकताना विद्यावेतन दिलं पाहिजे, असं त्यात ठरलं. १९७३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी उमेदवारीच्या जागा राखून ठेवल्या.

पण इथेही आपल्यापुढे एक धोंड होती. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून बौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत नाव यायला १९९० साल उजाडलं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत किती पोरांनी फॉर्मवर ‘बौद्ध’ लिहिलं आणि केंद्राच्या सवलतीला मुकली, त्याची मोजदाद कोण करणार? तरी त्यांनी बौद्धच लिहिलं, याचा मला अभिमान वाटतो.

माझे वडील साचाखात्यात गेले. हळूहळू ते दार उघडलं होतं. मीही बदली म्हणून लागलो आणि वडिलांच्याच हाताखाली साचा शिकलो. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस फिरले होते. १९९२ साली सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. बेकार झालेल्या कामगारांना नवं काम शिकवायचं, असं त्याचं एक उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीवरच गेला. आमची गिरणी बंद झाली तेव्हा माझ्याबरोबरचे पट्टीचे विणकर एका कंत्राटदाराच्या कचेरीत गेले. ‘सर्टिफिकेट आहे का?’ एवढाच प्रश्न त्यांना विचारला. वीस-वीस वर्षं साचा चालवलेले हात, पण कागद नाही! त्यांना वॉचमनची काठी मिळाली.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट कळली. आजोबांना कसब शिकू दिलं नाही. आम्हाला कसब मिळालं, पण त्याचा दाखला मिळाला नाही. आता आपल्या मुलांना कसब आणि दाखला दोन्ही मिळू शकतात, कायदा आहे, जागा आहेत. तरी बारावी होऊन पोरगं पाठीवर पिशवी टाकून पार्सलं पोचवत फिरतं, आणि ॲप्रेंटिसचा फॉर्म कुठे भरायचा हे घरात कोणाला ठाऊक नसतं. आज साचाखात्याच्या दारात कोणी उभं नाही. पण दार कुठे आहे, हेच पोरांना माहीत नाही.

म्हणून माझी विहार समितीला नम्र विनंती आहे. रविवारी वंदना झाली की विहारात एक टेबल मांडावं. वस्तीतल्या निवृत्त फिटर, वायरमन आणि रेल्वे कारखान्यातल्या बांधवांनी तिथे तासभर बसावं. मुलांचे फॉर्म भरून द्यावेत, जातीचा दाखला कसा काढायचा ते सांगावं. मुलींना तर आवर्जून बोलवावं. आपल्या आया-बहिणींनी वायंडिंगखात्यात हयात घालवली, पण त्यांना मशीन दुरुस्त करायला कधी कोणी शिकवलं नाही. मी स्वतः दर रविवारी बसायला तयार आहे.

मंगलसुत्त आपण म्हणतोच. त्यातलं शिल्पाचं मंगल आपल्या वस्तीत घरोघरी जावो, हीच सदिच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!