उष्णतेला वाट देणारा लेप

संगणकाचा इतिहास आपण बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगतो. अमुक साली एक यंत्र सेकंदाला इतकी गणिते करू लागले, वीस वर्षांनी दुसरे त्याच्या हजारपट करू लागले, असा तो चढता आलेख असतो. परंतु प्रत्येक गणिताबरोबर थोडी उष्णताही जन्मास येते. ती बाहेर पडली नाही, तर सारा वेग व्यर्थ जातो. या उष्णतेचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. बंगळूर नगरीच्या आधाराने तो आज थोडक्यात पाहू.

अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. ती सारी वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडे. मात्र ती एका मोठ्या दालनभर पसरलेली असल्याने पंख्यांच्या वाऱ्याने निभावत असे. पुढे सिलिकॉनची चकती आली, यंत्र आकसले आणि नवाच प्रश्न उभा राहिला. उष्णता एकंदरीत कमी झाली, पण ती नखाएवढ्या जागेत कोंडली गेली.

बंगळूरच्या तेव्हाच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली फ्लोसॉल्व्हर हा समांतर पद्धतीने चालणारा संगणक तयार झाला. हवेच्या प्रवाहाची अवघड समीकरणे सोडविणे हे त्याचे काम. त्यात इंटेल कंपनीचे ८०८६ जातीचे प्रोसेसर होते. असा एक प्रोसेसर दोन-अडीच वॅटच्या आसपास वीज घेई आणि एवढी उष्णता भोवतालची हवा सहज वाहून नेई. याच शहरात सी-डॅकने परम पद्म उभारला. २००३ च्या जूनमध्ये जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांत तो १७१ वा आला. त्याचे २४८ प्रोसेसर मिळून सेकंदाला जवळजवळ एक लाख कोटी गणिते करू शकत. २०२२ साली भारतीय विज्ञान संस्थेत परम प्रवेग आला. त्याची कमाल क्षमता सुमारे ३,३०० लाख कोटींची. आज मोठ्या संगणकांतील एकेक प्रोसेसर २०० वॅटच्या पुढे जातो. त्याच्या सिलिकॉनच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून निघणारी उष्णता घरातल्या इस्त्रीच्या तळालाही मागे टाकते.

ही उष्णता उचलण्यासाठी प्रोसेसरवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, पातळ पाती असलेला ठोकळा बसवितात. त्याला हीटसिंक म्हणतात. पण खरी अडचण या दोघांच्या सांध्यात आहे. डोळ्यांना आरशासारखे गुळगुळीत दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात डोंगरदऱ्यांसारखे असतात. ते शिखराशिखरांवरच टेकतात आणि दऱ्यांत हवा अडकून राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगले उष्णतावाहक आहे. त्यामुळे केसाहून बारीक असा हा हवेचा थर साऱ्या तांब्याची मेहनत फुकट घालवितो.

आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्रात प्रत्येक चकतीवर ॲल्युमिनियमचा एक दट्ट्या स्प्रिंगने दाबून ठेवला होता आणि मधल्या फटींत हवेऐवजी हेलियम वायू भरला होता, कारण हेलियम हवेच्या जवळजवळ सहापट उष्णता वाहतो. आपल्या टेबलावरील संगणकात हेच काम थर्मल पेस्ट नावाचा लेप करतो. सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा चांदीची पूड खलून तो बनवितात. तो हवेच्या शंभरपटीहून अधिक चांगला वाहक आहे, पण तांब्याच्या तुलनेने पन्नास ते शंभर पट कमी. म्हणून जाड थापलेला लेप मदत करण्याऐवजी आडवा येतो. त्याने फक्त दऱ्या भराव्यात, शिखरांमध्ये शिरू नये.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवा थंड असते खरी, पण ती मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते. पंखा तेवढाच फिरला, तरी उष्णता थोडी कमीच वाहून नेली जाते. तेव्हा सांधा नीट असणे येथे अधिकच अगत्याचे. या शहरातील एस. पी. रोड हा संगणक व त्यांचे सुटे भाग यांचा मोठा बाजार आहे. तेथील असो वा अन्य कोठला, कुशल कारागीर वाळलेला जुना लेप स्पिरिटने पुसून काढतो, मधोमध वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवतो, हीटसिंक सरळ दाबतो आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळतो. एकदा टेकविलेला ठोकळा तो उचलून पाहत नाही, कारण तसे केल्यास लेपात पुन्हा हवा शिरते.

हे काम बिघडले, तर आजचा प्रोसेसर लगेच जळत नाही. तो आपणहून मंद होतो आणि मालक मात्र यंत्र जुने झाले असे समजून नव्याच्या खरेदीला निघतो. पुण्यातील परम ब्रह्म या महासंगणकाला हवेऐवजी द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली. अशा व्यवस्थेतही प्रोसेसर आणि द्रव वाहणारी धातूची पट्टी यांच्यामध्ये सांधा उरतोच. यंत्रे बदलली, शीतक बदलले, पण दोन धातूंमधील ती फट अजून कोणाला पूर्णपणे नाहीशी करता आलेली नाही. म्हणून संगणक मंद झाला, तर तो मोडीत काढण्यापूर्वी हा सांधा एकदा उघडून पाहावा.