माउसच्या पोटातला मळ
अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४मध्ये पहिला माउस घडवला. तो लाकडी होता. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत चाकांची जागा गोळीने घेतली आणि तिच्याबरोबर मळही आत शिरला.

टेबलावरची धूळ, हाताचा घाम, कपड्याचे तंतू, सगळं गोळी आत ओढून न्यायची. आतल्या दोन बारीक रुळांवर काळपट पुटं चढली की पडद्यावरचा बाण आधी अडखळायचा, मग उड्या मारायचा. उपाय ठरलेला होता: तळाची चकती फिरवून गोळी तळहातावर काढायची आणि रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा.

१९८०च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माउस आले, पण त्यांना खुणा छापलेली खास पाटी लागे. १९९९ साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउस एक्सप्लोररला तशी पाटी लागत नव्हती. त्याचा सेन्सर सेकंदाला १,५०० वेळा पृष्ठभागाची छबी टिपायचा आणि लागोपाठच्या छबींमधल्या फरकावरून हालचाल मोजायचा.

गोळी गेली, तरी उड्या थांबल्या नाहीत. भिंगासमोर एखादा केस अडकला तरी सेन्सर फसतो. अशा वेळी माउस बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेली कापसाची काडी भिंगावर हलकेच फिरवावी. टेबल काचेचं असेल, तर आधी माउसखाली एक कागद सरकवून पाहावा.