कॉम्प्युटर खरा की व्हर्च्युअल? ओळखायचं कसं?

आजचा प्रश्न असा: आपण खऱ्या कॉम्प्युटरवर चालतोय की व्हर्च्युअल मशीनमध्ये, हे एखाद्या प्रोग्रामला कसं कळतं? आणि त्याला कळलं तर आपल्याला काय फरक पडतो? पडतो. शेवटपर्यंत ऐका.

आपल्या रत्नागिरीत याला एकदम सोपं उदाहरण आहे: थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून झाला. वाड्यात राजा तो, पण रत्नागिरी सोडून जायचं तर परवानगी इंग्रजांची. व्हर्च्युअल मशीनचं असंच असतं. आतली ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःला राजा समजते, पण खरं हार्डवेअर हायपरवायझर नावाच्या प्रोग्रामच्या ताब्यात असतं. फरक एवढाच की आपण कैदेत आहोत हे थिबाला पक्कं माहीत होतं. आतल्या सिस्टिमला मात्र ते कळूच नये, अशी मूळ कल्पना होती.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकातच एकाच मेनफ्रेमवर प्रत्येकाला स्वतःचं वेगळं मशीन असल्यासारखं वाटेल अशी सोय केली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्याचे नियम मांडले. वेगातला फरक सोडला तर प्रोग्राम आत आणि बाहेर सारखाच चालला पाहिजे. त्यासाठी प्रोसेसरची प्रत्येक नाजूक सूचना आधी हायपरवायझरपाशी अडली पाहिजे.

घोळ झाला तो आपल्या पीसीत. २००० मध्ये संशोधकांनी इंटेलचा पेंटियम तपासला, तर नाजूक असूनही न अडणाऱ्या १७ सूचना सापडल्या. त्यातलीच एक एसआयडीटी. प्रोसेसरचा एक महत्त्वाचा तक्ता मेमरीत कुठे ठेवलाय, ते ती कोणालाही सांगून टाकते. हायपरवायझरने स्वतःचा तक्ता वेगळ्या जागी ठेवलेला असायचा. पत्ता वेगळा आला की पकडले गेलात! २००४ मध्ये पोलंडच्या योआना रुटकोव्स्काने एवढ्यावरच एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. नाव दिलं 'रेड पिल', मॅट्रिक्स पिक्चरवरून. पण प्रोसेसरला एकापेक्षा जास्त कोअर आले की प्रत्येकाचा तक्ता वेगळा, मग ही युक्ती कधीकधी खऱ्या मशीनलाही खोटं ठरवायची.

२००५ पासून इंटेलने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली. त्यानंतर गंमत बघा. हायपरवायझर लपायचं सोडून स्वतःच ओळख सांगू लागले, कारण आतल्या सिस्टिमला खरं कळलं तर ती जास्त वेगाने चालते. आज सीपीयूआयडी ही सूचना विचारली की एक बिट सांगतो, 'हो, खाली हायपरवायझर आहे.' बस, एक बिट.

याचा फायदा व्हायरसवाल्यांनी उचलला. अँटिव्हायरसवाले व्हायरस तपासतात ते बऱ्याचदा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणून व्हायरस तिथे साळसूद बनतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरत होता. इंग्लंडच्या इल्फ्राकोम्ब या समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्या २२ वर्षांच्या मार्कस हचिन्सला त्यात एक विचित्र वेब पत्ता दिसला, कोणीच न घेतलेला. त्याने तो रजिस्टर केला आणि प्रसार थांबला! त्याचा अंदाज असा: तपासणीच्या मशीनमध्ये कुठल्याही पत्त्याला उत्तर मिळतं. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पत्त्यालाही उत्तर आलं, तर आपण सापळ्यात आहोत असं समजून व्हायरस गप्प बसायचा.

फोनवरही हेच चालतं. अँड्रॉइडचा एम्युलेटर हार्डवेअरचं नाव 'गोल्डफिश' किंवा 'रांचू' असं सांगतो. अ‍ॅपने ते वाचलं की त्याला कळतं, हा खरा फोन नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या मामेभावाने नोकरीची ऑनलाइन टेस्ट घरून दिली. म्हणजे देणार होता. सॉफ्टवेअर म्हणालं, 'व्हर्च्युअल मशीन सापडलं', आणि टेस्ट बंद. लॅपटॉप खरा, त्याच्या स्वतःच्या टेबलावरचा. झालं काय? विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' नावाची सुरक्षा असते. ती चालू असली की विंडोज स्वतःच मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरवर चालतं, आणि तो बिट 'हो' म्हणतो. पोरगा सुरक्षा नीट ठेवतो म्हणून कॉपीबहाद्दर ठरला! अपील करायला नंबर नाही, बोलायला माणूस नाही.

माझं म्हणणं एवढंच. तो बिट फक्त सांगतो की खाली हायपरवायझर आहे. वर बसलेला माणूस लबाड आहे, असं तो कधीच सांगत नाही. आपल्यापैकी जे असं सॉफ्टवेअर लिहितात त्यांनी एका बिटावर कोणाचा निकाल लावू नये. आणि टेस्ट देणाऱ्यांनो, आदल्या दिवशी विंडोजमधलं 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. हायपरवायझर सापडल्याचं वाक्य तळाशी दिसलं तर स्क्रीनशॉट काढून परीक्षा घेणाऱ्यांना आधीच मेल करा.

तुमच्या लॅपटॉपवर काय दिसलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!